आधी वाट सांग, मग सायकल माग

पंपवाली गिऱ्हाईक हाकलून लावायची. तेलगावच्या फाट्यावर तिचं पत्र्याचं सायकलचं दुकान होतं. बाकीचे दुकानदार माणूस दिसला की 'या, बसा' म्हणतात. ही हातातला पान्हा खाली न ठेवता विचारायची, "वाट कशी हाय?" सायकल कोणाला पाहिजे, नवी पाहिजे की जुनी, हे सगळं नंतर. एकदा माझ्यासमोर एक गुरुजी आले. म्हणाले, "साधी सायकल दाखवा." तिनं विचारलं, "कुठून कुठं जाणार?" "घरून शाळेत." "मधी काय हाय?" "मधे रस्ता आहे." "रस्ता कशाचा?" गुरुजींना सांगता येईना. रोज मोटारसायकलवर जाणारा माणूस, चाकाखाली काय आहे ते कशाला बघेल? पंपवाली म्हणाली, "जा गुर्जी, एकदा चालत जाऊन या. मग सायकल मागा." गुरुजी रागावून गेले ते परत आले नाहीत. असं दुकान चालतं का? चालत नाही. पण तिचं चाललं, पोटापुरतं का होईना.

दुकानापुढं लिंबाच्या झाडाला साखळीनं बांधलेला हवेचा उभा पंप होता, म्हणून ती पंपवाली. कुणीही यावं, आपल्या हातानं हवा भरावी आणि जावं. दुकान आधी तिच्या नवऱ्याचं. तो अचानक गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता पत्रे विकून माहेरी जाईल. तिनं आठ दिवसांत पान्हा हातात घेतला. बाईमाणूस सायकल उलटी टाकून पंक्चर काढतंय म्हणून माणसं थांबून बघत. ती म्हणायची, "नुसतं कावून बघता? चाक धरा." मग पांगत. भिंतीला बाबासाहेबांचा फोटो होता. दुकानातली प्रत्येक वस्तू ग्रीसनं माखलेली, तेवढी एक काच चकचकीत.

आमचं घर मेंढरांचं. माझा नवरा तिच्याकडून सायकल नीट करून घ्यायचा, पण तिच्या माठातलं पाणी प्यायचा नाही. उन्हात घसा कोरडा पडला तरी नाही. एके दिवशी ती चार माणसांदेखत म्हणाली, "कावून हो पाटील? माझं पाणी चालत न्हाई, आन् टायरात माझी हवा चालती व्हय?" आम्हाला कोणी पाटील म्हणत नाही, ती मुद्दाम म्हणाली. नवरा मान खाली घालून निघाला आणि घरी येऊन माझ्यावर ओरडला. मी म्हणाले, खोटं काय बोलली ती? पुढच्या बाजाराला मी गेले आणि तिच्या माठातलं पाणी मागून प्याले. तिनं काही कौतुक केलं नाही. म्हणाली, "माठ धुतला न्हाई आज." तिथून आमची ओळख. ती मला मेंढरवाली म्हणायची. तीस वर्षांत तिनं माझं नाव विचारलं नाही आणि मी तिचं विचारलं नाही.

तिला कशाचा राग येत नव्हता ते सांगणं सोपं आहे, कारण ते फार थोडं होतं. सायकल डोळ्यानं बघून घेणाऱ्यांचा तिला सगळ्यात जास्त राग. "सायकल डोळ्यानं घेऊ न्हाई, बुडानं घ्यावी," असं ती पुरुषांसमोरसुद्धा बोलायची. "डोळा एकदा बघतो आन् ईसरतो. बूड रोज बसतं." बायका-पोरींच्या सीटवरून तर ती भांडायलाच उठे. "बाप्याच्या मापाची निमुळती सीट बाईच्या बुडाखाली देतेत, आन् म्हणतेत बायांना सायकल चालवता येत न्हाई. तुमी घाला बरं बाईची चोळी, बघू किती चालता." हे ऐकून माणसं हसायची. मला हसू यायचं नाही. मी आयुष्यभर बाप्याच्या मापाच्या वस्तू वापरल्या, खुरप्यापासून घागरीपर्यंत. मला तिचं म्हणणं कळायचं.

वाटांबद्दल तिचं एक म्हणणं ठरलेलं होतं. डांबर लाडावून ठेवतं, खडी मारते आणि काळी माती गिळते. डांबराला बारीक टायर आणि दगडासारखी हवा. मुरमाला रुंद टायर आणि अंगठा थोडा दबेल एवढी हवा. खडीवर बारीक टायर नेला तर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन ठिकाणी भोक पडतं, सापाच्या दातासारखं. काळ्या मातीत मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटांची जागा नसेल तर चिखल आत थापला जातो, चाक जाम होतं, आणि मग सायकल माणसावर बसून जाते. अशी सायकल खांद्यावर घेऊन चाललेली माणसं मी मेंढरांमागं हिंडताना कितीतरी बघितली, हसायची सोय नव्हती म्हणून हसले नाही. मेंढरामागं हिंडणाऱ्याला माती पायाला कळते, म्हणून तिचं बोलणं मला कळायचं. शिकलेल्यांना कळत नव्हतं.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. आम्ही लेकरांना सगळं वाढत्या अंगाचं घेतो. सदरा घ्यायचा तो दोन वर्षांनी बसेल असा. चप्पल घ्यायची ती पुढं कापूस कोंबून घालायची. लेकरू वर्षभर लोंबत्या बाह्यांत फिरतं, आणि सदरा अंगाला बसायला लागतो तोवर फाटलेला असतो. एवढं दरवर्षी दिसतं तरी आम्ही तेच करतो. सदऱ्यात हे चालून जातं. सायकलीत चालत नाही. पण आमच्या भागात दहा वर्षांच्या पोराला बापाच्या उंचीची सायकल घेतात, आणि पोरगं सीटवर न बसता दांडीखालून पाय घालून वाकडंतिकडं चालवतं. त्याला आम्ही हुशारी म्हणतो. पंपवाली त्याला छळ म्हणायची.

आणि ही चूक मीही केली. लिहून ठेवते, कारण आमच्या घरात दुसरं कोणी ती लिहिणार नाही.

माझी नात साक्षी वस्तीवरच्या शाळेत सातवी झाली. आठवीची शाळा तेलगावला, सहा किलोमीटर. मी स्वतः चौथी शिकले. पाचवीची शाळा लांब होती आणि मेंढरं जवळ होती. साक्षीचं तसं होऊ नये असं मला वाटायचं. मुलगा भागवत आणि मी तिला घेऊन पंपवालीकडं गेलो. तिनं विचारलं, "वाट कशी हाय?" मी सांगितलं. वस्तीपासून ओढ्यापर्यंत काळी पाणंद, पुढं मुरूम, मग नवीन रस्त्याची खडी टाकून ठेवलेली, आणि शेवटी डांबर.

"अशी तोंडी नको," ती म्हणाली. "चारी ठिकाणची एक एक मूठ घेऊन ये."

"काय?"

"माती. वल्ली करून बघावी लागती. समद्या काळ्या मात्या सारख्या नसतेत, मेंढरवाली. तुला कावून सांगावं लागतं?"

भागवत हसायला लागला. "माय, आपण सायकल घ्यायला आलोत का खत घ्यायला?"

मलाही राग आला. मी म्हणाले, "आम्हाला सायकल दे गं, मातीचं आमचं आम्ही बघू. आन् मोठी दे. वाढत्या अंगाला पुरंल, बारावीपर्यंत बघायला नको."

पंपवालीनं साक्षीला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मला. "कोकराच्या पायाला मेंढराची खुरं लावतीस का? न्हाई ना? मंग चल, हो बाजूला. माझ्या दुकानातून न्हाई मिळायची."

आम्हाला तिनं हाकलून दिलं. तीस वर्षांच्या ओळखीचा असा मान. मी तावातावानं घरी आले. भागवत बीडला जाऊन एका मोठ्या दुकानातून सायकल घेऊन आला. लाल-काळी, पुढं शॉकअप, मागं शॉकअप, गेअर, आणि उंची माझ्या छातीपर्यंत. दुकानदारानं त्याला विचारलं काय? रंग. कोणता रंग पाहिजे, एवढं एकच. वस्ती बघायला गोळा झाली. मी नारळ फोडला. साक्षीला सीटवर बसवलं तर तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर. मी म्हणाले, वाढतील की पाय.

पाय वाढायच्या आधी पाऊस आला. पाणंदीत सायकल दहा पावलं चालली आणि थांबली. मडगार्डात चिखल, गेअरच्या चेनीत चिखल, शॉकअपात चिखल. साक्षी काडीनं खरवडायची, दहा पावलं जायची, पुन्हा खरवडायची. तेवढी जड सायकल उचलून मुरमापर्यंत न्यायची. शाळेत पोचेपर्यंत पहिला तास संपलेला. बाई तिला बाहेर उभं करायच्या. ती घरी येऊन पायाची पोटरी चोळत बसायची. मी म्हणायचे, सवय होईल. मला आजही माझ्या त्या बोलण्याचा राग येतो. सवय कशाची व्हायची? छळाची?

पोळ्याच्या आधी खडीवर ती पडली. रस्त्याच्या ठेकेदारानं खडी अंथरून तशीच सोडली होती, आधीच्या वर्षापासून. कोणी विचारत नव्हतं. विचारणारे गाडीतून जातात, गाडीला कळत नाही. मागून खडीचा मोठा ट्रक, हायवा आला, जोरात हॉर्न दिला. साक्षी थांबायला गेली. थांबायचं म्हणजे पाय टेकवायचा, आणि पाय तर पोचतच नव्हते. सायकल आडवी झाली, ती हातावर पडली. हायवावाल्यानं खाली उतरून बघितलंसुद्धा नाही. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं.

"बास झाली शाळा," भागवत म्हणाला.

आमच्याकडं या शब्दांचा अर्थ काय होतो ते सांगते, म्हणजे ही नुसती सायकलची गोष्ट वाटायची नाही. मेंढरं विकल्यापासून भागवत आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. पोरगी शाळेत असली तर आजीपाशी राहते. शाळा सुटली की पोरगी 'मोकळी' होते, आणि मोकळी पोरगी घरात ठेवायची नाही, असा आमचा नियम. कोणी केला माहीत नाही. पाळणारे सगळे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या पोराला टोळीत कोणी घेत नाही. म्हणून पोराला बायको पाहिजे. संसाराला नाही, कोयत्याला. तेरा वर्षांची पोरगी दिली की अर्धा कोयता भरतो. कायद्यानं गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तर अशा लग्नांच्या पत्रिका छापत नाहीत. प्लास्टर निघायच्या आधी भागवतनं आष्टीकडचे पाहुणे ठरवले.

मी बाजाराच्या दिवशी ती लाल सायकल रिक्षात टाकली आणि पंपवालीकडं गेले. जाताना पाणंदीतली, मुरमातली, खडीखालची अशा तीन मुठी पदराच्या टोकाला वेगवेगळ्या गाठी मारून बांधल्या. डांबराची मूठ काय आणणार, म्हणून त्याच्या कडेची आणली. पंपवालीनं सायकल बघितली, मला बघितलं. 'मी सांगत होते' असं ती म्हणाली असती तर मी परत गेले असते. ती म्हणाली, "चुकलीस तर चुकलीस. सोड गाठी."

तिनं प्रत्येक माती तळहातावर घेतली, माठातलं पाणी शिंपडलं, मळली, अंगठ्यानं पसरली, मग बोटं उघडून किती चिकटते ते बघितलं. पाणंदीतली काळी माती तिच्या तळव्याला धरून राहिली. हात झटकला तरी पडेना. "ही लई चामट हाय," ती म्हणाली. "हिला तीन बोटं जागा ठेवावी लागंल." मग विचारलं, "पोरगी कुठंय?"

"घरी. ऐतवारी पाहुणे येणार हायेत बघायला."

"कुणाला बघायला?"

"तिलाच."

पंपवालीनं हात धुतले. बराच वेळ धुतले. पाहुण्यांच्या बाबतीत मी काही मागितलं नव्हतं, मदत तर मुळीच नाही. चिडून बोलून गेले होते. ती म्हणाली, "मंग सायकल ऐतवारी तयार होईल. ही लाल इथंच ऱ्हाऊ दे, हिच्या बदल्यात दुसरी बांधते. पोरीची मांडीपासून टाचेपर्यंतची लांबी सांग." मी माझ्या हातानं वितीत सांगितली. तिनं माझी वीत तिच्या वितीशी लावून बघितली.

रविवारी सकाळी जीपमधून पाच माणसं आली. मुलगा, त्याचे आईबाप, चुलता आणि आणखी एक. साक्षीला सुनेनं स्वतःची साडी नेसवली, अंबाडा घातला. नुकतंच प्लास्टर निघालेलं मनगट पदराखाली झाकलं. पोह्यांच्या बश्या गेल्या. चुलता विचारत होता, "सैपाक येतो का? फडात गेलतीस का कधी? मोळी उचलतीस का?" बैल घेतानासुद्धा आमच्याकडं आधी त्याला पाणी पाजतात.

तेवढ्यात दारात घंटी वाजली. पंपवाली सायकल ढकलत सहा किलोमीटर चालत आली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दोन्ही पाय चिखलानं काळे. सायकलची चाकं मात्र फिरत होती.

भागवत उठला. "आक्का, आज पाहुणे हायेत. उद्या या."

"बसू दे की पाहुण्यांना. मी कुठं त्यांच्या मांडीवर बसाय आले? साक्षे, ये. माप बघू."

साक्षी साडीत उभी राहिली.

"ह्या लुगड्यात पाय कसा टाकशील? जा, शाळंत ज्याच्यात जातीस ते घालून ये."

भागवत माझ्याकडं बघायला लागला, सून जमिनीकडं, आणि साक्षी माझ्याकडं. मी म्हणाले, "जा गं."

ती शाळेचा निळा ड्रेस घालून आली. अंबाडा सोडून घाईत दोन वेण्या घातल्या होत्या, एक वर, एक खाली. साडीत ती अठराची दिसत होती. शाळेच्या कपड्यात तेराची दिसली. तेराचीच होती. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "भाऊ," ती भागवतला म्हणाली, "ह्ये लेकरू हाय की."

चुलता म्हणाला, "मघाशी साडीत बराबर दिसत हुती."

"साडी खुंटीला अडकवली तर खुंटीबी बराबर दिसंल," मी म्हणाले. "तिला न्या फडात."

पंपवालीचं लक्ष आमच्यात नव्हतं. तिनं साक्षीला सीटवर बसवलं. सांगाडा जुना होता, बायकांच्या सायकलीचा, मधली दांडी खाली वळलेली. गेअर नाही, शॉकअप नाही. टायर ना बारीक ना जाड, मधले, आणि त्यावर बसक्या नक्षीचे दात. मडगार्ड उंच उचललेलं, खाली तीन बोटं जागा. मागचं दातेरी चक्र मोठं, म्हणजे चढाला पाय हलका. सीट रुंद, खाली स्प्रिंगा. हँडल अंगाकडं वळलेलं, म्हणजे वाकायला नको आणि दुखऱ्या मनगटावर भार नको. तिनं साक्षीच्या दोन्ही पायांची बोटं जमिनीला टेकतात का ते खाली बसून बघितलं. कोपराला बोट लावून बघितलं. मग टायरावर अंगठा दाबला, वैद्य नाडी बघतो तसा, आणि थोडी हवा सोडली.

"जा. डांबर लागेपर्यंत जा आन् ये."

साक्षी गेली. पहिली पन्नास पावलं पाणंदीत मी मोजून बघितली. चाक चिखल फेकत होतं, पण फिरत होतं. बाभळीच्या वळणाला ती दिसेनाशी झाली.

पाहुण्यांना दुसरा चहा दिला. अर्धा तास झाला. चुलता घड्याळ बघायला लागला. पंपवाली पायरीवर बसून काडीनं पायाचा चिखल काढत होती. त्यानं विचारलं, "पोरगी कुठं गेली?"

"शाळंला."

"आज ऐतवार हाय!"

"मंग बंद असंल. येईल माघारी."

चुलता उठला. "पोरगी दाखवतो म्हणून बोलवायचं, आन् पोरगी सायकलवर पाठवायची. ही कुठली रीत? आमच्याकडं पोरी सायकलवर हिंडत न्हाईत."

"कावून? कशाची वाट हाय तिकडं?" पंपवालीनं अगदी मनापासून विचारलं. "सांगा, त्याजोगी सायकल करून देते."

मुलगा हसला. तो बिचारा पहिल्यापासून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला होता, त्याला हसताना मी तेव्हाच बघितलं. त्याच्या बापानं त्याच्याकडं डोळे वटारले. मुलाची आई मात्र जीपमध्ये बसताना माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "माझंबी असंच झालतं." एवढंच. जीप गेली.

भागवत पंपवालीच्या अंगावर धावून गेला, म्हणजे हात उचलला नाही, पण आवाज तसा. "म्हातारे, मुद्दाम केलंस तू हे!"

"व्हय," ती म्हणाली. "तू फडावर जा. पोरगी आजीपाशी राहील. सायकल बिघडली तर मी हाय. आन् पुन्हा पाहुणे आणलेस तर मीबी पुन्हा येईन. मला चालायची सवय हाय."

साक्षी दोन तासांनी आली, घामानं भिजलेली, तोंडभर चिखलाचे शिंतोडे. शाळेच्या फाटकाला हात लावून आली होती. पंपवालीनं विचारलं, "मनगट?" "न्हाई दुखलं." "बूड?" साक्षी लाजली, मग म्हणाली, "न्हाई." पंपवाली उठली, लुगडं झटकलं आणि निघाली. मी जेवून जा म्हणाले. म्हणाली, "दुकान उघडं टाकून आलेय." मी तिला ओढ्यापलीकडं पोचवायला गेले, तर खडीपाशी थांबून तिनं पाच-सहा मोठे दगड उचलून बाजूला टाकले. जणू तिच्या बापाचा रस्ता.

साक्षी दोन दिवसांनी शाळेत गेली, आणि नंतर कधी चुकली नाही. रोज शाळेत पोचायच्या आधी दुकानापाशी थांबायची. पंपवाली तिला हवा भरून द्यायची नाही. "तुझी सायकल, तुझा दंड," म्हणायची. साक्षीनं पंप मारला की ही अंगठा लावून बघायची आणि 'हूं' करायची किंवा 'आणखी' म्हणायची. पुढच्या वर्षी वस्तीवरच्या आणखी तीन पोरी जायला लागल्या. त्यांचे बापही आधी वाढत्या अंगाच्या सायकली मागायला गेले आणि हाकलले गेले. मग आया गेल्या, पदराला माती बांधून.

साक्षी दहावीला असताना रस्ता रुंद करायचं निघालं. पंपवालीचं दुकान रस्त्यात येतं म्हणून पत्रे उचलले. फाट्यावरची दोन मोठी दुकानं तिच्यापेक्षा पुढं आलेली होती, ती राहिली. पत्रे उचलताना रस्त्यावर पन्नास माणसं उभी होती. त्यांतल्या निम्म्यांच्या सायकली, आणि त्यांच्या बापांच्या सायकली, तिच्या हाताखालून गेलेल्या. कोणी तोंड उघडलं नाही. मी उघडलं, पण माझं कोण ऐकतं? मी तिला म्हणाले, "भांड की. एरवी तर भांडतीस." ती म्हणाली, "रस्त्याशी कसं भांडू? रुंद होतोय ते बरंच हाय. पोरींना बाजूनं जायला जागा होईल." मला तिचा फार राग आला. अजून आहे. मग ती लिंबाखाली एक पेटी आणि पंप घेऊन बसायला लागली. नंतर लिंबही गेला.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या लोकांनी जलदानविधी केला, मी जाऊन आले, वंदना पूर्ण होईपर्यंत बसले. तिचं खरं नाव तिथं ऐकलं. फाट्यावर श्रद्धांजलीचा मोठा बोर्ड लागला. त्यावर तिचा फोटो कोपऱ्यात, चहाच्या बशीएवढा. बाकी सगळ्या बोर्डावर पत्रे उचलताना गप्प उभ्या राहिलेल्यांचे चेहरे, हात जोडून, दुःखात. मी तिथं थांबून ते चेहरे मोजले नाहीत. थुंकले आणि पुढं गेले.

साक्षी यंदा बीडला नर्सिंगला लागली. भागवत परवा पारावर सांगत होता, "मी आधीच ठरवलं होतं, काय बी होऊ दे, पोरीला शिकवायचं." चारचौघं माना हलवत होते. मी दळण घेऊन मागून चालले होते, सगळं ऐकलं. दळण घरी नेऊन टाकलं.

दुपारी तो जेवायला बसला. मी ताट पुढं केलं नाही.

"पोरीला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"मी."

मी भाकरीच्या टोपल्यावर फडकं टाकलं.

"माय, भूक लागलीय."

"मला ऐकू येतंय. कुणी शिकवलं?"

त्यानं टोपल्याकडं हात नेला, मी ते मागं ओढलं. सून चुलीपुढून म्हणाली, "सांगा की. भाकरी गार व्हायल्यात."

"पंपवालीनं," तो म्हणाला.

"पारावर बोललास तेवढ्या आवाजात बोल."

तो बोलला. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. मग मी वाढलं.